न वाजणारा भोपळा

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मराठीत पानभरही लिहिलेलं नाही. घरी आम्ही पावरी बोलतो, मराठी मला शाळेत भेटली. त्यातून लिहायला घेतलंय ते सुपरहिरोंच्या कॉमिक्सबद्दल. पुस्तकात असा विषय चालतो की नाही, ठाऊक नाही. पण मला थोडंफार कळतं ते यातलंच, म्हणून लिहितो.

खापर गावच्या बाजारात एक रद्दीवाला जुनी हिंदी कॉमिक्स विकायचा. शाळेत असताना वडील बाजाराला नेत तेव्हा मी त्याच्या गोणपाटाशीच थांबायचो. अंक कधी क्रमाने मिळाले नाहीत. पुढचे आधी, मागचे नंतर, मधले गायब. एका अंकात शहरातलं मोठं घड्याळ कोसळतं आणि आतून खलनायकाचं यंत्र निघतं, एवढं मी वाचलं होतं. पुढे केव्हातरी त्याच मालिकेचा बराच जुना अंक हाती आला. त्यात नायक कुणाला तरी वाचवायला उडत चाललाय, आणि मागे कोपऱ्यात तेच घड्याळ. आकाशात भर दुपारचं ऊन, आणि घड्याळात संध्याकाळ. त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. मी ते चित्र बघत राहिलो. वडील हाका मारून थकले.

म्हणजे हे कुणीतरी आधीच ठरवलं होतं, आणि इतके अंक गप्प बसलं होतं. क्रमाने वाचलं असतं तर मला ते दिसलंही नसतं. त्यानंतर मी प्रत्येक अंकाचे कोपरे आधी पाहू लागलो. हेही कळलं की कादंबरी लिहिणाऱ्याला मागे जाऊन एखादी खूण पेरता येते, पण महिन्याच्या महिन्याला कॉमिक काढणाऱ्याला ती सोय नाही. विकला गेलेला अंक परत घेता येत नाही. चूक झाली तरी तिच्यासकट पुढे जावं लागतं.

हे आमच्यावरच येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नंदुरबारला कॉलेजात आलो तेव्हा वसतिगृहातल्या खोलीत सारंगखेड्याकडचा एक मुलगा होता. घरची केळीची शेती, बोलणं अहिराणी, आणि हातात अशी रेघ की मी पाहतच राहिलो. मी गोष्ट सांगायची, त्याने काढायची, असं ठरलं. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर आमचं कॉमिक लागू लागलं. झेरॉक्सचा एक गठ्ठा जीपवाल्याकडून मोलगीला आणि तिथून वर डोंगरात, काठी या गावाजवळच्या आमच्या गावाला जायचा. तिथे माझी चुलत बहीण अंगणात सगळ्यांना बसवून वाचायची, आमच्या बोलीत करून.

आमचा नायक होळीचा बावा. आमच्याकडे नवस असलेला माणूस होळीला बावा बनतो. अंगावर राखेचे पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले भोपळे. नाचला की भोपळ्यांतल्या बिया खुळखुळतात. तो पालणी पाळतो, म्हणजे अंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही, झोपायचं ते जमिनीवर. माझ्या गोष्टीत बाव्याची सगळी ताकद या पालणीत होती.

पहिल्याच अंकात मी एक खूण पेरली. मित्र भोपळ्यांभोवती वाजल्याच्या बारीक रेघा काढायचा. मी त्याला एका भोपळ्याभोवती रेघा काढू नको म्हणून सांगितलं. त्यात गावाची माती भरलेली आहे, म्हणून तो वाजत नाही. पण हे कुठेही लिहायचं नाही. ती माती पुढे कधी आणि कशी बाहेर काढायची, ते मलाही ठाऊक नव्हतं. फक्त जागा ठेवली होती.

तो म्हणाला, "कोणले ध्यानमा ऱ्हाई रे हाई? लोके चहा पिसन इसरी जातस." तरी दर अंकात त्याने तो भोपळा मुका ठेवला.

मग चौथा अंक आला. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा होती, मित्र घरी गेलेला, घर पाहुण्यांनी भरलेलं. त्याने तिथेच अंक काढला आणि येताना झेरॉक्स करून गठ्ठा जीपवर चढवूनही दिला. गोष्टीत बावा सपाटीवरच्या एका शेतकऱ्याच्या घरी येतो असं मी लिहिलं होतं. तापीकाठच्या घरात पाहुणा आला की त्याला आधी खाट देतात. मित्राने बाव्याला खाटेवर बसवलं, हातात चहाही दिला.

चार दिवसांनी फुईचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा फोन आला. आमच्या गावच्या बाव्यांचे भोपळे दरवर्षी तीच ओवते, आणि तिची जीभ सगळ्या गावाला माहीत आहे. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली, "तुझा बावा खाटेवर बसून चहा पितोय. आता त्याला एक मोटारसायकल पण घेऊन दे." गावात सगळे हसतायत, तो आपला बावा नाही, कॉलेजचा बावा आहे, असंही तिने ऐकवलं. तोच अंक बहिणीने पुन्हा वाचायला घेतला तेव्हा अंगणात मोजकीच माणसं आली.

मला ते फार लागलं. कॉलेजात कौतुक होत होतं, पण मला बावा गावाचाच हवा होता. मित्राचा चेहरा उतरला. खाट चालत नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं, हे मलाही सुचलं नव्हतं, कारण आमच्याकडे ते कुणाला सांगावं लागत नाही.

पुष्कळ दिवस मी ते चित्र उघडून बघत होतो. एकदा नजर कमरेकडे गेली. पाहुण्यांच्या गडबडीत मित्राने त्या अंकात सगळ्याच भोपळ्यांभोवती रेघा काढल्या होत्या. मुका भोपळा नव्हताच. मी मित्राला हलवून उठवलं, ते दाखवलं आणि म्हणालो: खाटेवर बसलेला तो बावा नाही, सोंग आहे. त्याने बाव्याचं रूप घेतलं, पण एक भोपळा मातीने भरलेला असतो हे त्याला माहीत नाही.

मित्र इतका हसला की शेजारच्या खोलीतून मुलं पाहायला आली. "मन्ही चूक नी तुन्ही शाबासकी!" म्हणाला.

आम्ही घाई केली नाही. होळीच्या अंकापर्यंत सोंग तसंच फिरू दिलं, सगळे भोपळे वाजवत. होळीच्या अंकात खरा बावा कोठडीत दिसतो, मुका भोपळा फोडतो, माती कपाळाला लावतो आणि उठतो. मित्राचं म्हणणं होतं की खाली एक चौकोन टाकावा, 'पाहा अंक चौथा'. भित्तिपत्रकाचे सरही तेच म्हणाले, वाचकाला मदत करावी. मी सरांसमोर कधी बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणालो, "नको सर. ज्यांच्यासाठी पेरलंय, त्यांना दिसेल." बोलून गेलो, आणि नंतर पुन्हा चौथा अंक उघडून बसलो. नाही दिसलं तर गावात बावा कायमचा खाटेवरच बसणार होता.

गठ्ठा जीपवर गेला. आमच्या गावात रेंज नाही, फोन करायचा तर टेकडीवर चढावं लागतं. होळी जवळ आली तरी वरून काही कळेना.

शेवटी एका दुपारी बहिणीचा फोन आला. वारा इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं. फुई सोबत टेकडी चढून आली होती. तिने फोन घेतला आणि दम खात म्हणाली, "खाटेवरचा तो चोर आहे. त्याचे सगळे भोपळे वाजतात. आपल्या बाव्याला कुठे कोंडलंय, तेवढं सांग. अंगणात सगळे विचारतायत."

मी मग विचारलं, शेवटचं पान आवडलं का, माती कपाळाला लावतो ते.

"कसली माती?" फुई म्हणाली.

बहिणीने फोन परत घेतला. म्हणाली, घाटात रस्त्याचं काम चाललंय, जीप वर येत नाही. नव्या अंकाचा गठ्ठा अजून मोलगीलाच पडलाय.