न खाल्लेल्या भाकरीची गोष्ट

नातीच्या पिशवीत हल्ली किशोर कादंबऱ्यांची चळत असते. सुट्टीत ती आली की तिच्याआधी मीच त्या वाचून काढतो. बऱ्याच कादंबऱ्यांत सगळ्या धर्मांची पोरं एकत्र असतात. एकाच्या घरी ईद, दुसरीच्या घरी नाताळ, तिसऱ्याच्या घरी बुद्धपौर्णिमा. वाचून बरं वाटतं. पण माझी एक खोड आहे. कोण कोणाच्या घरी जेवलं ते मी बघतो, आणि लिहिणारा तिथे खरंच जेवला असेल का, याचा अंदाज घेतो.

ही खोड मला नववीत लागली, सत्तरच्या दशकात, वाशीम भागातल्या, केनवडच्या अलीकडच्या आमच्या गावात. शाळा दरवर्षी हस्तलिखित काढायची. पोरांच्या गोष्टी आणि कविता, एकच प्रत, आणि ती सबंध प्रत वर्गात ज्याचं अक्षर सगळ्यांत देखणं त्याने लिहायची. ते अक्षर माझ्या मित्राचं होतं. तो बौद्ध घरातला, मी कास्तकाराचा. आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकाच पेरूला दोन बाजूंनी चावायचो. त्यामुळे आपल्या मनात भेदभाव नावालाही नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या समजुतीतूनच मी गोष्ट लिहिली. तीन मित्र, तीन धर्म, आणि विहिरीवरचं इंजिन पळवणारे चोर. मुसलमान मित्राला मी दर वाक्यात ‘या अल्ला’ म्हणायला लावलं. आमच्या वर्गातला खरा मुसलमान पोरगा तर माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडीत शिव्या द्यायचा. बौद्ध मित्राच्या घरी नायक, म्हणजे अर्थात मीच, दोन भाकरी खातो आणि मित्राची आई कोपऱ्यातल्या खंडोबापुढे दिवा लावून त्याला आशीर्वाद देते. लिहिताना मला स्वतःला गहिवरून आलं होतं.

मित्र उतरवून घेत होता. चौथ्या पानावर त्याने पेनाला टोपण लावलं.

“हे मी लिहिणार नाई.”

“काहून?”

“तू कधी जेवला रे आमच्या घरी?”

“गोष्ट हाय ते. गोष्टीत खोटं चालते.”

“चालते ना. चोर खोटा, इंजिन खोटं, चालते. माही माय खोटी काहून केली? आमच्या आज्यानं घरातले देव नदीत सोडले, माह्या जन्माच्या आंधी. अन् तू तिले खंडोबापुढं बसवून राह्यला.”

त्याच्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. सगळं आमच्याच देवघराकडे बघून लिहिलं होतं.

भांडण गुरुजींपर्यंत गेलं आणि त्यांनी सोपा तोडगा काढला. सोमवारी पानं वाशीमला बांधायला जायची होती. तोवर जमलं नाही तर गोष्ट गाळायची. खरं सांगतो, मला काळजी आधी गोष्टीची वाटली. पण दुसऱ्या दिवशी मित्र मागच्या बाकावर जाऊन बसला आणि मधल्या सुट्टीत अख्खा पेरू एकट्याने खाल्ला. मग गोष्टीचं काही वाटेना.

शाळा सुटल्यावर मी गुमान त्याच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेलो. त्याची आई चुलीपाशी होती.

“माय, हा थोच लेखक हाय,” मित्र म्हणाला.

“मले दिवा लावाले लावते, थो?” ती हसली. “बस बापा. भाकर बरी करते म्हणून लिवलं ना तू, आता खाऊन पाह्य.”

मी कोपऱ्यात पाहिलं. तिथे ज्वारीची कोठी होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या, हातात पुस्तक धरलेल्या माणसाची.

“हे तुमचे देव का?” मी विचारलं. एक चूक माझ्यासाठी कधीच पुरेशी नसते.

“देव नोहे,” ती भाकर थापता थापता निळ्या कोटाकडे मान करून म्हणाली. “थो आमचा बाप.”

अंबाडीची भाजी होती, वर कच्चं तेल. दोन भाकरी खाल्ल्या. पाण्याचा गिलास उचलताना माझा हात क्षणभर थांबला. कोणाला दिसलं नसेल असं मला वाटलं. घरी परतताना तोंडाचा जेवणाचा वास जावा, कोणाला कळू नये, म्हणून चिंचेचा पाला चावत गेलो.

रात्री गोष्ट नव्याने लिहिली. कोठी आली, तसबिरी आल्या, अंबाडी आली. शेवटी एक झोकदार वाक्य टाकलं: ‘घरी जाऊन मी सांगितलं, आज मी मित्राकडे जेवलो.’

शनिवारी मित्राने सगळं मोत्यासारखं उतरवलं. शेवटची ओळ मात्र कोरी.

“हे राह्यलं,” मी म्हणालो.

“राह्यलं नाई, ठेवलं. सांगितलं का तू घरी?” माझ्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, “गिलास धरून थांबला होता तू. सांगशील तवा लिहू.”

रविवारी माय सुपात तूर पाखडत होती. मी तिच्यापुढे बसलो, उठलो, परत बसलो.

“माय, मी त्याच्या घरी जेवलो.”

सूप थांबलं.

“भाजी कायची होती?”

“अंबाडीची.”

“कण्या होत्या का त्याच्यात?”

“होत्या.”

“मंग बरी असन.” सूप पुन्हा सुरू झालं. “तुया बाले नको सांगू.”

सोमवारी मी मित्राला सगळं सांगितलं, बाचं सुद्धा. तो माझ्या बाकावर येऊन बसला. त्याने पेन काढला आणि लिहिलं: ‘घरी मी मायला सांगितलं, मी मित्राकडे जेवलो.’ मग खाली आणखी एक ओळ कोरी सोडली.

“आता हे कायले?”

“थे तुया बाचं.”

पानं तशीच वाशीमला गेली आणि तशीच बांधून आली. मधल्या सुट्टीत पेरू पुन्हा दोन बाजूंनी खाल्ला गेला. बाला सांगायचं मी पुढे ढकलत राहिलो. आधी पेरणी झाल्यावर, मग दिवाळी झाल्यावर. बाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. हस्तलिखित शाळेच्या कपाटात उरलं असेल, तर ती ओळ अजून कोरीच असणार.