मावशींची पाचवी स्टिक

गोल्फच्या मैदानावर एकोणीस वर्षं गवत कापायचं यंत्र चालवणाऱ्या मावशींनी चेंडूला पहिला फटका मारला तो पन्नाशी उलटल्यावर. सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं. नव्या मॅनेजरबाईंनी त्या दिवशी कामगारांना खेळायची मुभा दिली आणि वर्षाअखेरीला त्यांची स्पर्धाही ठेवली. प्रत्येकाने पाचच स्टिक घ्यायच्या, एवढा एक नियम.

मावशींच्या चार ठरल्या, पाचवीवर घोडं अडलं. लांबच्या फटक्यासाठी क्लबच्या दुरुस्तीवाल्या काकांनी दोन जुन्या स्टिक पुढे केल्या. एक फेअरवे वूड, लांब दांड्याची, मोठ्या डोक्याची. आखूड गवतावर नीट बसली तर चेंडू कुठच्या कुठे जायचा. दुसरी हायब्रिड. दांडा आखूड, पल्ला थोडा कमी, पण वाढलेल्या गवतातूनही चेंडू उचलून काढणारी. दोन्ही वापरून बघा म्हणाले.

मावशींचा जीव वूडवर जडला. दहातले दोन फटके असे जायचे की बघणारे हातातलं काम थांबवायचे. उरलेल्या आठांविषयी मावशी बोलत नसत. हायब्रिडने चेंडू मुकाट पुढे जायचा, पण त्यात काय मजा, असं त्यांचं म्हणणं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही स्टिक भिंतीला टेकवून त्या विचार करत बसल्या होत्या. त्यांचे यजमान टेलरमास्तर. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कुणाच्या तरी पँटची कंबर वाढवता वाढवता त्यांनी विचारलं, "तुझा चेंडू पडतो कुठे?"

"कुठे म्हणजे? मैदानात."

"मैदानात कुठे?"

मावशींनी भिंतीला टेकवलेल्या वूडकडे बघितलं. मग कबूल केलं, बहुतेक वेळा उजवीकडे, वाढलेल्या गवतात.

"माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं," मास्तर म्हणाले. "मी त्याने श्वास सोडेपर्यंत थांबतो. पँट घालून त्याला जेवायचंही असतं ना."

मावशींना आधी राग आला, मग हसू फुटलं. सकाळी त्यांनी वूड काकांना परत केली.

शेवटच्या होलला व्हायचं तेच झालं. पहिला फटका उजवीकडे गेला, चेंडू घोट्याएवढ्या गवतात रुतला. मावशींनी हायब्रिड काढली, खाली बघितलं आणि शांतपणे मारलं. गवताचा झुपका उडाला, चेंडू वर उठला आणि कापलेल्या हिरवळीवर मधोमध उतरला. काकांनी लांबूनच टाळी वाजवली.

सतरा जणांत मावशी चौथ्या आल्या. बक्षिसं तिघांनाच होती, त्याची त्यांना चुटपुट लागली, नाही असं नाही. पण पुढच्या सोमवारी त्या उजाडताच मैदानावर हजर होत्या, सरळ मारायला शिकायचं म्हणून. आणि या वेळी क्लबच्या स्वयंपाकघरातल्या दोघीजणी, हात पदराला पुसत, त्यांच्यामागून आल्या होत्या.