सिदू वायरमनचा आकडा

सिदू वायरमन निवृत्त झाला तेव्हा गावानं त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यानं त्याच दिवशी उघडलं. चालू घड्याळ कशाला उघडतोस, असं मी विचारलं. म्हणाला, "कसं चाललंय ते बघाया." त्याच्याविषयी एवढं माहीत असलं तरी पुढचं सगळं कळेल.

माझं आयुष्य विहिरींवर गेलं. दगड वर ओढायची यारी लावायची, दगड फोडायचा, गाळ उपसायचा. सिदू खांबावर आणि मी जमिनीखाली, त्यामुळं कामावर आमची कधी गाठ पडली नाही. आता रोज पडते, त्याच्या ओसरीवर, चहाला. त्याला निवृत्ती वीज बोर्डानं दिली. मला गुडघ्यांनी.

सिदूचं घराणं मेंढरं राखणारं. नोकरीला लागलेला हा पहिलाच. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावाला त्याची ओळख एकाच गोष्टीसाठी: आकडा. वाकवलेली तार लाईनवर टाकून फुकट वीज ओढायची, त्याला आमच्याकडं आकडा म्हणतात. सिदूनं कुणाचा आकडा ठेवला नाही. जत्रेत सख्ख्या मेव्हण्यानं रसवंतीसाठी टाकला होता, तोही भर गर्दीत काढला. "दाजी, थोडा वेळच टाकलाय," मेव्हणा म्हणाला. सिदू खांबावरून ओरडला, "तुझ्या थोड्या वेळापायी सगळ्या आळीचा फ्यूज जातो! लाईन काय तुझ्या बापाची हाय का?" मेव्हण्याचा बाप म्हणजे सिदूचा सासरा. तो खालीच उभा होता. सिदूची बायको तारामती हे अजून विसरलेली नाही.

आता कॉम्प्युटरचं. तो सिदूच्या सुनेचा, वैष्णवीचा. ती घरी लग्नपत्रिका बनवते. कॉम्प्युटर जुना, सारखा अडकायचा. सिदूचा पुतण्या रुद्रेश पुण्यात असतो. त्यानं त्यात लिनक्स घालून दिलं. फुकट असतं, आणि जुन्या यंत्रावरही पळतं. जाताना तो म्हणाला, "नाना, शिका खुशाल. पण कच्च्या मालाला हात लावू नका. अजून तयार न झालेले प्रोग्राम असतात, ते तपासायला ठेवलेले असतात, वापरायला नाही."

सिदूनं "व्हय" म्हटलं. पुन्हा घड्याळ उघडू नकोस म्हटलं तेव्हाही त्यानं असंच म्हटलं होतं.

दुपारी वैष्णवी कामावरून उठली की हा बसायचा. बसून केलेल्या कामाला मी तेव्हा काम म्हणत नव्हतो. तसं तोंडावर सांगितलंही. "बोटं हलवतोस, त्याला का काम म्हणायचं?" तो म्हणाला, "तुझी पहार हाताएवढी असती तर तूबी बोटंच हलवली असतीस." यात काही अर्थ नव्हता, पण उत्तर पटकन आलं म्हणून मी सोडून दिलं.

एके दिवशी त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. लिनक्सचा नवा पडदा, म्हणजे समोर दिसणारी सगळी सजावट. खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरते. सगळा पडदा सोंगट्यांच्या फाशासारखा फिरतो. आणि खिडकी बंद केली की ती पेट घेऊन जळून जाते. सिदूनं तो व्हिडिओ मला दाखवला, तारामतीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला. दूधवाला म्हणाला, "पण नाना, जाळायची कशाला?"

हा पडदा अर्थातच कच्च्या मालात होता.

त्याच आठवड्यात वैष्णवीकडं पहिलं मोठं काम आलं होतं. उत्तरेश्वर अण्णाच्या मुलीची पत्रिका. याआधी गावातल्या मोठ्या घरांच्या पत्रिका लोहाऱ्यालाच तयार व्हायच्या. ही नीट झाली तर बाकीची घरं तिच्याकडं येणार होती. बिघडली तर अण्णाची बायको आळीभर सांगणार होती, आणि ती बाई मन लावून सांगते. पत्रिकेत लग्नाला येणाऱ्यांपेक्षा जास्त नावं होती. धाकट्या चुलत्याचं नाव मधल्याच्या वर गेलं म्हणून एकदा रुसवा झाला. मामाच्या नावापुढं 'माजी चेअरमन' लिहायचं राहिलं म्हणून दुसऱ्यांदा. मामाला वर घ्यावं तर आत्या खाली जाते, आत्याला वर घ्यावं तर तिच्या नवऱ्यालाही वर न्यावं लागतं. वैष्णवीनं हे सगळं बसवलं होतं. संध्याकाळी अण्णा शेवटचं बघणार आणि सकाळच्या जीपनं पत्रिका छपाईला जाणार. ती त्या कॉम्प्युटरशिवाय दुसरीकडं कुठंच नव्हती.

वैष्णवी कार्डाचे नमुने आणायला लोहाऱ्याला गेली. जाताना सासऱ्याला म्हणाली, "मामा, आज तेवढं राहू द्या."

"व्हय," सिदू म्हणाला.

मी चहाला गेलो तेव्हा तो बसलेला होता. चेहऱ्यावरून काम जोरात चाललेलं दिसत होतं.

त्यानं मला समजावून सांगितलं. लिनक्समधला प्रोग्राम एकटा येत नाही. त्याला लागणारे भाग दुसऱ्या पॅकेजात असतात. ते आधी आणावे लागतात. नव्या पडद्याला एक नवा भाग लागत होता. त्या भागाला आणखी एक. त्याला त्याच्याहून नवा तिसरा. यंत्र दर वेळी नम्रपणे सांगायचं की अमुक नाही म्हणून तमुक बसवता येत नाही.

"म्हंजे चुलत्याशिवाय मामा येत न्हाय," मी म्हणालो.

"आगदी तसंच. आन् ह्यो तिसरा हाय ना, त्यो जुन्या पडद्यालाबी लागतोय. पण जुना. नव्याला नवा पायजे, जुन्याला जुना. दोघंबी एकाच जागंवर बसणार."

"मग?"

"मग काय. जुन्या भागाची नावाची पाटी काढली, नव्याला लावली. जुन्या पडद्याला काय कळतंय कोण आलंय?"

त्यानं बटण दाबलं. नवा पडदा आला. मी खरं तेच सांगतो, आला. सिदूनं एक खिडकी ओढली आणि ती थरथरली. तो माझ्याकडं वळून बघणार तेवढ्यात सगळं काळं झालं.

यंत्र बंद करून चालू केलं. काळं. पुन्हा केलं. काळं, आणि वर कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकत होती.

"पत्रिका गेली का?" मी विचारलं.

"आत हाय. दार उघडंना. ज्या दारातनं आत जायाचं त्यालाच जुना भाग लागतोय."

त्यानं कुठली तरी बटणं एकत्र दाबली आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आली. तिथं लिहून यंत्राला हुकूम देता येतात म्हणे. सिदू लिहू लागला. एका भागाची तक्रार आली की दुसऱ्याची पाटी त्याला लावायची. मग दुसऱ्याची तक्रार. मग तिसऱ्याची पाटी दुसऱ्याला. खुर्चीत बसून माणसाला घाम येतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. सदरा पाठीला चिकटला होता. तेव्हा मात्र मला मान्य करावं लागलं की हे काम आहे. चुकीचं होतं, पण काम होतं.

एवढ्यात पंखा थांबला. अक्षरंही गेली.

तारामती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता गावाचीबी घालवली का?"

सिदू उठला. मला वाटतं, त्याला बरंच वाटलं असावं. लाईट जाणं हे त्याच्या ओळखीचं दुखणं. बाहेर आला तर सध्याचा वायरमन दिग्विजय डीपीकडं निघाला होता. पोरगं चांगलं आहे, पण खांबावर चढण्याआधी खांबाकडं फार वेळ बघतं. आम्ही त्याच्या मागं गेलो. सिदू आता खांबाला हात लावू शकत नाही, पण मान वर करून चालायला बोर्डाची परवानगी लागत नाही. तारा बघत बघत तो उत्तरेश्वर अण्णाच्या घरामागं थांबला.

आकडा. चांगला जाड. त्यावर मंडपाची रोषणाई, पाण्याची मोटर आणि आचाऱ्याचं मसाला वाटायचं यंत्र.

अण्णा पळत आला. "नाना, लग्नघर हाय. थोडा वेळच टाकलाय. मंडपवाल्याला नुसतं लावून बघायचं व्हतं."

दिग्विजयनं कान टवकारले. सिदूची शिवी ऐकायला लोक पूर्वी कामं सोडून यायचे. मीही जरा बाजूला सरकलो.

सिदूनं तोंड उघडलं. आकड्याकडं पाहिलं. अण्णाकडं पाहिलं. तोंड मिटलं.

"नाना, बोला की," दिग्विजय म्हणाला.

"काढ बाबा त्यो. फ्यूज बांध. मला घरी काम हाय."

आणि तो खरोखर निघाला. अण्णाचा चेहरा पांढरा पडला. मला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "नाना गप कसे? केस करणार काय?" मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी काही बोललो नाही. त्यानं तो आणखी घाबरला.

वाटेत सिदू एकदाच बोलला. "म्याबी नुसतं लावूनच बघत व्हतो."

घरी पोचलो तर वैष्णवी आलेली. लाईटही आली होती. काळ्या पडद्यासमोर ती कार्डाचे नमुने छातीशी धरून उभी होती.

"मामा, पत्रिका?"

"आत हाय."

"आत म्हंजे?"

"विहिरीत पडलेली बादली असती तशी," मी मदत करायला गेलो.

"काका, तुमी गप बसा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सिदू नंतर म्हणाला. ती ओरडली नाही. शेजारी स्टूल ओढून बसली. "अण्णा दिवेलागणीला येणार. काय काय केलंय ते सगळं सांगा. खरं."

सिदू खाली बघत म्हणाला, "आकडे टाकले."

"तुमी?"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. तारामती पदराला हात पुसत दारात आली. "कुणी टाकले?"

"मी."

"ऐकू न्हाय आलं."

"मी टाकले म्हनलं ना!"

"अस्सं." तिनं पाट घेतला आणि दारातच बसली. "माझ्या भावाला जत्रंत काय म्हनला व्हता, ते जरा सांगा. सुनंला ठाऊक न्हाय."

"तारा, आता न्हाय."

"आताच. हात चालू द्या. तोंडानं सांगा."

सिदूनं कामाला सुरुवात केली. आता पद्धत वेगळी होती. नवा आकडा टाकायचा नाही. शेवटी टाकलेला पहिल्यांदा काढायचा, मग त्याच्या आधीचा, तसं मागं मागं मुख्य लाईनीपर्यंत यायचं. नोकरीत तो असाच चालत यायचा. टोकाच्या घरापासून खांब बघत डीपीपर्यंत. एक पाटी काढली की ज्याची होती त्याला परत. वैष्णवी इंग्रजी अक्षरं वाचून दाखवायची, तो लिहायचा, आणि मधे मधे बायको विचारायची, "मग? आळीचा काय जातो?"

"फ्यूज," सिदू लिहिता लिहिता म्हणायचा.

"आन् लाईन कुणाच्या बापाची?"

"कुणाच्याच न्हाय."

"माझ्या बापाचं नाव घेतलं व्हतं."

शेवटी त्यानं कच्च्या मालाचं कोठारच यादीतून काढून टाकलं आणि जुना भाग नीट मागवला, वैष्णवीच्या मोबाईलच्या नेटवरून. यंत्र कुरकुरलं. आणखी दोन भाग परत मागितले. ते दिले. मग तक्रार आली नाही. सिदूनं यंत्र बंद करून चालू केलं आणि डोळे मिटले.

"मामा, उघडा," वैष्णवी म्हणाली.

जुना पडदा आला होता. साधा, निळा, काहीही न थरथरणारा. तिनं पत्रिका उघडली. गणपती जागेवर. मामा 'माजी चेअरमन'सकट जागेवर. आत्याही.

तेवढ्यात अण्णा आला. हातात पेढ्यांचा पुडा, आणि चप्पल उंबऱ्याच्या बाहेर लांब काढलेली. अशी तो कधीच काढत नाही. वैष्णवी म्हणाली, "अण्णा, बघून घ्या. काय बदलायचं असंल तर आत्ताच."

"काय न्हाय बदलायचं," अण्णा पडद्याकडं न बघताच म्हणाला. "लई झ्याक झालीय. नाना, मंडपाला मीटरचा अर्ज दिलाय बरं का. दिग्विजयला विचारा."

"मी काय बोललो का?" सिदू म्हणाला.

"तेच तर!"

अण्णाच्या घरून आलेली आणि शेवटच्या क्षणी एकाही नावावरून न भांडता मंजूर झालेली ती पहिली गोष्ट असेल. वैष्णवीनं ताबडतोब तिच्या दोन प्रती काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. सकाळच्या जीपनं पत्रिका गेली. छापून आल्यावर बोभाटा झाला तो फक्त कागदाच्या रंगावरून, आणि रंग अण्णाच्या बायकोनंच निवडला होता.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर सिदू पुन्हा बसलेला. मी दारातूनच परत फिरत होतो.

"ये ये. वैष्णवीनं परवानगी दिलीय." त्यानं यंत्राच्या बाजूला खोचलेला पेनड्राईव्ह दाखवला. रुद्रेशला विचारून त्यानं नवा पडदा, त्याचे सगळे नवे भाग, सगळं त्या पेनड्राईव्हवर वेगळं बसवलं होतं. तो काढला की कॉम्प्युटर जसाच्या तसा वैष्णवीचा. "वेगळं कनेक्शन. सोताचं मीटर. हिच्या लाईनीला हात न्हाय."

यासाठी सगळा आठवडा गेला होता. एकही आकडा न टाकता. हेही कामच, असं मनाशी म्हणत मी खुर्ची ओढून बसलो. त्यानं ते ओळखलं.

त्यानं खिडकी ओढली. थरथरली. तारामती मागं उभी राहून बघत होती.

"ह्याच्यापायी केलं सगळं?" ती म्हणाली. "माझी ओली चादर दोरीवर अशीच हालती."

"पण ती घडी घालताना पेटत न्हाय," सिदू म्हणाला आणि खिडकी बंद केली.

खिडकीनं खालून पेट घेतला आणि ज्वाळा वर जात जात ती नाहीशी झाली. तारामती दोन पावलं मागं सरली. दाराला धरून उभी राहिली. मग पदर सावरून पुन्हा पुढं आली.

"आणखी एक जाळा बघू," ती म्हणाली.