विहिरीतून आलेली ओ

नव्वदच्या दशकात इंदिरानगरला आमच्या आजूबाजूला एकामागून एक बोअर मारले गेले आणि आमची परसातली विहीर आटली. नळाला दोन दिवसाआड पाणी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं की विहीर उपसायची आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने तिच्यात सोडायचं. विचार चांगला होता. घोळ आम्हीच घालून ठेवला होता. दरवर्षीचा गणपती आणि रोजचं निर्माल्य त्याच विहिरीत, त्यामुळे तळाशी कमरेइतका काळा गाळ, वरून सुकून कडक झालेला.

उपसायला एक कन्नड म्हातारा बोलावला होता. पण अण्णा म्हणाले, देवांची माती आहे, पहिलं फावडं घरच्याने अंघोळ करून मारायचं. मी म्हटलं, "हा शुद्ध वेडेपणा आहे." एकोणीस वर्षांची होते, जिभेला हाड नव्हतं. अण्णा गप्प झाले आणि माझ्याशी न बोलताच तयारीला लागले.

खालची हवा बरी आहे का ते बघायला म्हाताऱ्याने दोरीला कंदील बांधून खाली सोडला. विझला नाही. तरी तो म्हणाला, "स्वल्प ताळी, जरा थांबा, अण्णा. गाळ फोडला की खालची घाण हवा वर येते." अण्णा ऐकतायत कुठले. कमरेला दोर बांधून उतरलेच. मी काठावरून थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची आणि त्यांनी ओ द्यायची, असं म्हाताऱ्याने बजावलं आणि तो टोपल्या आणायला पुढच्या अंगणात गेला.

"अण्णा?"

"ओ."

फावड्याचा आवाज आला. मग सडक्या फुलांचा असा भपकारा वर आला की मला ओकारीच आली.

"अण्णा?"

ओ आली नाही. खाली वाकून पाहिलं तर नुसता अंधार. पुन्हा हाक मारली, तरी काही नाही.

माझं ओरडणं ऐकून म्हातारा धावत आला, तोंडाला ओला पंचा गुंडाळून उतरला आणि त्यांना खांद्यावर घेऊन चढला. आई, मी आणि दोन शेजारी दोर ओढत होतो. अण्णांचे ओठ निळे पडले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास घेतला. ते वाचले.

ओ आली नाही तशी मी लगेच ओरडले, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. पुन्हा मारलेल्या हाकेलाही ओ आली नाही, तेव्हा मला वाटलं, अजून रुसलेत. मीही मग फुगून गप्प बसून राहिले होते.