हिरवी तार

होय, वैदेहीनं माझ्या नवऱ्याच्या हातावर फटका मारला. सासऱ्याच्या हातावर. फाडकन! आणि उत्तम केलं असं मी म्हणते. सांगलीत ज्यांना ज्यांना ऐकायचंय त्यांनी कान उघडे ठेवून ऐका.

गेले काही दिवस माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. आमच्या नणंदबाई, मालिनीवन्सं, त्यांनी घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोंब मारली की सून परदेशात जाऊन एवढी शेफारली, तिनं सासऱ्यावर हात उगारला. झालं! ज्याला त्याला तोंड फुटलं. वैदेहीच्या आईचा तिला रडत फोन आला, "बाई गं, पाय धर त्यांचे." आणि ठरलं काय, तर रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर जमणार आणि सगळ्यांसमोर वैदेही माफी मागणार. ती पोर तयारसुद्धा झाली. म्हणाली, "आई, जाऊ दे ना. एक सॉरी म्हटल्यानं मी काही झिजणार नाही." मी म्हटलं, तू नसशील झिजत, माझा जीव जातोय त्याचं काय?

ही शेफारलेली सून कोण, तेही ऐका. आमच्या आशुतोषशी लग्न करून त्याच्या व्हिसावर इथे डचांच्या देशात आली. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री, पण इथे विचारतो कोण? पहिला हिवाळा खिडकीशी बसून काढला. मग खमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, डच वर्गाला जायला लागली आणि तिथून एका हीटिंगवाल्या कंपनीत शिकाऊ म्हणून चिकटली. आता कंपनीची व्हॅन घेऊन लायडनपासून फोरबर्गपर्यंत लोकांच्या माळ्यांवर चढते. घर तापवणारा बॉयलर आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट, त्यांच्या वायरी ओढायच्या, जोडायच्या. इथे बॉयलरला केटल म्हणतात, मी आपली किटली म्हणते. केसांत धूळ, गुडघे काळेनिळे. दार उघडणारे म्हातारे तिच्या पाठीमागे बघतात, मोन्टर, म्हणजे मेकॅनिक, कुठाय म्हणून. "मीच मोन्टर," म्हणते आणि सरळ वर जाते.

आशुतोषनं लायडस्खेनडाम-फोरबर्गला घर घेतलंय, जुनंपुराणं. नुकतीच माळ्यावर नवीन किटली बसली. वायरिंग मात्र वैदेही स्वतः शनिवारी करणार होती. जेवताना तिनं नीट समजावून सांगितलं होतं. किटलीला करंट देणारी केबल वेगळी, तिच्यात तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन तारा. ती गरम पाइपांजवळून जाते, म्हणून उष्णता सोसणारी घ्यायची. खाली थर्मोस्टॅटला जाते ती दोन तारांची बारीक केबल, तिच्यात नावापुरता करंट. दोन्ही एका नळीतून न्यायच्या नाहीत. मला कळलं, म्हणजे कुणालाही कळेल.

पण आमचे हे! श्रीधरराव! वीज मंडळात जन्म काढलेला. सांगलीहून येताना बॅगेत वायरचं भेंडोळं घेऊन आले होते. हो, वायरचं! माझा मेतकुटाचा डबा काढून ठेवला आणि त्या जागी भेंडोळं कोंबलं. "शुद्ध तांबं आहे. इथे असलं मिळणार नाही." त्यात लाल, काळी, हिरवी, अशा सगळ्या तारा एकाच केबलमध्ये. "एकातच किटली, एकातच थर्मोस्टॅट," म्हणे.

वैदेही म्हणाली, "बाबा, ही नको. उद्या दुसरा कुणी मोन्टर हे उघडेल. इथे काळी म्हणजे स्विचमधून येणारी तार, तिच्यात करंट असतो. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. त्याला कसं कळायचं?"

हे हसले. "अगं, तारेला कुठली आलीय भाषा?"

तिनं भात कालवायला घेतला. सासऱ्याशी वाद घालायचा नाही, हे तिच्या आईनं शिकवलंय ना. मीही नुसतीच भात वाढत राहिले.

गुरुवारी थंडी मरणाची. घर गार पडलेलं, मी दोन शाली पांघरून बसलेली. ह्यांच्या अंगात आलं. "शनिवारपर्यंत काय कुडकुडत बसायचं? चल, टॉर्च धर." मी गेले. किटलीचा तेवढा स्विच यांनी पाडला. मेन पाडला नाही, कारण खाली आशुतोषची मीटिंग चालू होती, इंटरनेट जाईल म्हणून! मीटिंग महत्त्वाची हो, बाप नाही. माळ्यावर वायरी जोडायचा एक जुना डबा होता, तिथूनच किटलीला करंट घ्यायचं यांनी ठरवलं. तो उघडला, तर आत एक लाल तार आणि एक हिरवी. यांचा चेहरा खुलला. "बघ, अगदी आपल्यासारखंच!" लाल तारेला पकड लांबून लावली, तिला चिकटपट्टीचे वेढे दिले, अगदी सांभाळून. आणि हिरवी? "ती काय, अर्थिंगची, तिच्यात कुठला करंट," असं म्हणून तिचं टोक सोललं. डावा हात आधाराला तांब्याच्या पाइपावर ठेवला आणि उजवा हात सरळ त्या उघड्या टोकाकडे नेला.

वैदेही दोन कामांच्या मध्ये घास खायला घरी आली होती. वर उजेड दिसला म्हणून जिना चढून आली. तिनं हाक मारली नाही. हाक मारायला वेळच नव्हता. फाडकन मारलं. यांचा हात भिंतीवर आपटला, पकड जिन्यावरून खडखडत खाली गेली. हे ओरडले, "अक्कल आहे का काही?" तिनं खिशातला टेस्टर काढला आणि हिरव्या तारेला लावला. दिवा लागला आणि ते यंत्र किंचाळायला लागलं.

मग ती पायरीवर मटकन बसली. म्हणाली, "बाबा, इथल्या जुन्या घरांत हिरव्या तारेतच करंट असतो. लाल ती न्यूट्रल. आणि ही जुनी लाइन वेगळ्या स्विचवर आहे."

यांनी तो दिवा पाहिला. मी शपथेवर सांगते, पाहिला. हात चोळत खाली गेले, चहाही घेतला नाही, आणि बहिणीला फोन लावला. फोनवर फटका सांगितला. तार गिळून टाकली!

माझा राग आहे तो इथे. मी आशुतोषला म्हटलं, बापाशी बोल. तो म्हणतो, "आई, बाबांचा इगो हर्ट झालाय, थोडे दिवस जाऊ दे." मी म्हटलं, तुझी मीटिंग संपली का रे? मग मी स्वतः ग्रुपवर सगळं लिहिलं. वन्संचं उत्तर काय, तर "वहिनी, सुनेच्या घरात राहायचं म्हणजे तिची बाजू घ्यावीच लागते, कळतं आम्हाला." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि हे शेजारीच बसलेले. "कशाला वाढवायचं," म्हणाले. वाढवलं कुणी? तुम्ही!

रविवार उजाडला. स्क्रीनवर सगळी नटूनथटून बसलेली, नाटक बघायला आल्यासारखी. वैदेहीनं स्वच्छ ड्रेस घातला होता, नखातली काजळी मात्र गेली नव्हती. तिनं खाली बघून सुरुवात केली, "बाबा, त्या दिवशी माझ्याकडून..."

"थांब," मी म्हटलं. "अहो, आधी तुम्ही बोला. ती तार कुठल्या रंगाची होती?"

"सुचेता, आता ते..."

"रंग विचारतेय मी."

यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"हिरवी," म्हणाले.

वन्संनी लगेच तोंड घातलं. "मग? हिरवी म्हणजे अर्थिंग, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिला हात लावला म्हणून काय होतंय, दादा?"

"मलाही तेच वाटलं होतं," हे म्हणाले. "इथे हिरवीतच करंट असतो, मालिनी. माझा दुसरा हात पाइपावर होता. मेलो असतो मी."

वन्संचा फोटो हलत होता, म्हणून कळलं की कॉल चालू आहे.

मग हे वैदेहीकडे वळले. उजवा हात तिच्यापुढे केला. अंगठ्याखाली अजून काळंनिळं होतं.

"पोरी," म्हणाले, "पुन्हा मी असं काही करताना दिसलो, तर याच्याहून जोरात मार."

इतक्या दिवसांत टिपूस न काढलेली माझी सून ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊन रडायला लागली. मी पुढे होऊन कॉल कापला. वन्संना निरोप घ्यायचा होता, पण मी तो घेऊ दिला नाही.