रिकाम्या टँकरची पूजा

“रिकाम्या गाडीले कशाची भीती जी? तेल तं कालच खाली केलं तुमी!”

“अवं, रिकामी आहे म्हणूनच भीती. आत वाफ राहते. तेलाहून तेच लवकर पेट घेते.”

“सगळ्यायच्या गाड्यायले आरती, अन् आपलीच गाडी सुतकात बसल्यासारखी!”

भिलाईच्या हुडको कॉलनीत चिंधूच्या घराची अन् आमच्या घराची भिंत एकच. मी काही कान लावला नव्हता, भिंतच पातळ. वीसेक वर्षं झाली असतील, विश्वकर्मा पूजेची सकाळ होती. त्या दिवशी भिलाईत पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यायले कुंकू लागते. चिंधूच्या बायकोनं, मनकर्णानं, दिवा-कापूर घालून ताट सजवलं होतं. चिंधू ताटाले हात लावत नव्हता.

चिंधू भंडाऱ्याकडचा. बाप प्लांटमध्ये मजूर, हा पेट्रोलच्या टँकरवर ड्रायव्हर. टँकर देण्याआधी तेल कंपनीनं तीन दिवस आगीपासून जपणं शिकवलं होतं. बाकीचे तिथं जेवाले गेले अन् हा ऐकून आला, असं मी म्हणत असे.

त्या दिवशी टँकरच्या मालकाच्या, शेठच्या, आवारात पाच रिकामे टँकर ओळीनं उभे होते अन् मधोमध हवन मांडलेलं. चिंधू कुंडासमोर उभा राहिला. “पूजा करा शेठ, आग नोको.” शेठले पंडितासमोर अपमान वाटला. “चाबी रख दे, घर जा.” चिंधूनं चावी ठेवली अन् घरी आला. मंग हवन झालं, अन् काहीच झालं नाही. तेच वाईट झालं. सारी कॉलनी त्याले हसली.

जामुलले सिमेंटच्या ट्रकवर काम मिळत होतं, पण हा जाईना. “माझ्या टँकरवर दुसरा बसला तं तो तिथं विडी ओढीन, काकू,” म्हणे. मनकर्णा त्याच्याशी बोलत नव्हती. माझ्या हातून निरोप: “काकू, त्यायले सांगा, भाजी आणा.” तो चार हातांवर बसून ऐके.

आठव्या दिवशी पोराची, गुड्डूची, सायकल रंगवून थिनरचा डबा रिकामा झाला. चांगला डबा, धुऊन मीठ भरू, म्हणून मनकर्णानं तो गरम पाण्यासाठी अंगणातल्या पेटत्या चुलीजवळ नेला अन् झाकण उघडलं. भप्पकन आवाज झाला. मी धावली तं बाई जमिनीवर बसलेली, डबा काळा, डावी भिवई गायब.

“रिकामा होता, काकू,” एवढंच म्हणे.

चिंधूनं तिच्या तोंडावर थंड पाणी ओतलं, डोळे पाहिले. “मी सांगितलं होतं” हे काही तो बोलला नाही. मी असती तं दहादा बोलली असती.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा तोच डबा घेऊन शेठकडे निघाली. मलेही ओढलं.

“शेठ, हा डब्बा रिकामा होता.”

शेठनं डबा पाहिला, मंग तिचं तोंड. पहिले हसला. मंग खिडकीतून ओळीनं उभे टँकर पाहिले अन् हसू गेलं. “चिंधू को बोल, कल से आ जाए.”

बाई उठेना. “अन् आग?”

“दफ्तर के अंदर जलाएंगे, बहनजी. दरवाजा बंद करके.”

तेव्हापासून तिथं टँकरले फुलं, कुंकू, नारळ, अन् दिवा पार दूर ऑफिसात. ड्रायव्हरायच्या विड्या-माचिस फाटकावरच्या पेटीत. शेठ आता पाहुण्यायले सांगते, हे त्यालेच सुचलं म्हणून. सांगू द्या.

यंदा चिंधू निवृत्त झाला. शेवटची खेप कुम्हारीच्या तेल डेपोवरून जामुलच्या पंपावर. हारतुरे घेऊन शेठ, गुड्डू, सून प्राची, आमी सगळे तिथं उन्हात उभे. पेढ्यायचं तूप सुटून राहिलं होतं. पंपाचा मॅनेजर प्रवीण म्हणाला, “काका, आज ते दहा मिनिटं थांबणं राहू द्या ना. लोक खोळंबले.”

चिंधूनं चाकांखाली ठोकळे लावले. ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची तार टँकरले जोडली. आग विझवायचं नळकांडं खाली उतरवून ठेवलं. हलून आलेलं तेल टाकीत शांत व्हावं म्हणून दहा मिनिटं थांबायचं असते, तसा सावलीत जाऊन बसला.

“कावून उभे आहा?” मनकर्णा आमाले म्हणाली. “बसा सगळे. अजून सात मिनिटं आहेत.”

आमी बसलो. वेळ झाल्यावर चिंधू उठला, काठी टाकून तेल मोजलं, पाइप जोडला अन् व्हॉल्व उघडला.