मामा मागे राहतील म्हणून

सकवारमामींची खात्री होती की प्रभू येशू त्यांच्या हयातीतच परत येणार. काळजी एवढीच, की तो आला म्हणजे त्यांना घेऊन जाईल आणि मामांना ठेवून जाईल. मामा म्हणजे त्यांचे यजमान, चंद्रमौळी राव. सकाळी खंडोबाची पूजा, दुपारी रेडिओवर क्रिकेट, आणि प्रभूचा विषय निघाला की, "येऊं दे की, कॉफी देऊं."

आम्ही तेव्हा चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत त्यांचे भाडेकरू होतो. ते वर, आम्ही खाली. मी साताऱ्याची. परमुलखात मराठी घरमालकीण मिळाली म्हणून हरखून गेले, पण त्यांची तंजावरी मराठी मला अर्धीच कळायची. माझं ऐकून त्या म्हणायच्या, "पुस्तक वाचल्यासारखी काय बोलतेस ग?"

मामी एन्नोरच्या शाळेत शिकवायच्या. तिथं असताना गळ्याला गाठ आली. ऑपरेशन होईपर्यंत त्यांच्या सोबतच्या एस्तेर टीचर रोज उशाशी बसून प्रार्थना करत राहिल्या. मामी बऱ्या झाल्या आणि प्रभूच्या झाल्या. नातेवाइकांनी पाठ फिरवली. मामांनी मात्र अवाक्षर काढलं नाही. देव्हाऱ्याशेजारी स्वतः खिळा ठोकून त्यांनी बायकोचा क्रूस टांगून दिला. मला विचाराल तर त्या घरातला मोठा चमत्कार हाच.

इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्सुनामी आली. मरीना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या रविवारी सकाळी गल्लीतून माणसं ओरडत पळत होती आणि मामी जिन्यात उभ्या राहून नुसत्या थरथरत होत्या. त्यानंतर त्यांचे पास्टर दर आठवड्याला सांगू लागले, वेळ जवळ आली आहे. प्रभू आपल्या माणसांना क्षणात उचलून नेईल, अंगावरचे कपडे जागच्या जागी पडतील, आणि मागं राहतील त्यांचे हाल कुत्रा खाणार नाही.

मामींची झोपच उडाली. विमान गेलं तरी दचकायच्या. स्वैपाक करता करता मध्येच हाक मारायच्या, "अहो, अहांत ना?" बाहेरच्या खोलीतून मामा म्हणायचे, "अहें, अहें." दिवसभर हेच चालायचं. खाली माझं डोकं उठायचं.

मग त्यांनी मामांना स्वैपाक शिकवायला घेतला. साठी उलटलेला पुरुष चिंचेचा कोळ काढतोय हे पाहून मला भारी कौतुक वाटलं. कारण कळलं तेव्हा मात्र कौतुक गळून पडलं. मामी गेल्यावर मामांनी उपाशी मरू नये, यासाठी तो सगळा खटाटोप होता. मामांनाही ते त्याच दिवशी कळलं. ते म्हणाले, "तुज नेऊन मज ठेवणारा तो कसला देव ग?" मामी पदरात तोंड घालून रडल्या. दोघंही त्या दिवशी जेवले नाहीत.

उन्हाळा आला, वडाम घालायचे दिवस आले. वडाम म्हणजे तांदळाच्या चिकाचे पापड. गच्चीवर जुनं वेष्टी, म्हणजे मामांचं धोतर, अंथरायचं आणि त्यावर पळीपळीनं चीक घालून कडक वाळवायचा. कावळ्यांपासून राखण करायला एक माणूस बसतो, काळी छत्री उघडी ठेवून. मामींनी त्या वर्षी दुप्पट तांदूळ भिजवले. मी म्हटलं, "मामी, प्रभू येतोय ना? मग वर्षभराचे वडाम कुणाला?"

"मला नव्हेत ग. ह्यांना."

मी त्यांच्याबरोबर तांदूळ निथळायला बसले. 

वडाम घातले त्या रविवारी मामी उरलेला चीक पातेल्यात ठेवून पास्टरांच्या सभेला गेल्या आणि मामा गच्चीवर राखणीला बसले. जेवून माझा डोळा लागला होता. एवढ्यात दार धडाधडा वाजलं. उघडते तो समोर मामी, अनवाणी, तोंड पांढरंफटक.

"तू अहेस," त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकल्या. "तू असणारच. ह्यांना नेलें ग. मज टाकलें."

काहीच न कळून मी त्यांच्या मागोमाग गच्चीवर धावले. उघडी छत्री होती. ट्रान्झिस्टर बोलत होता. खुर्चीपाशी मामांचा सदरा आणि नेसूचं वेष्टी गोळा होऊन पडलं होतं, आणि खुर्चीवर त्यांचा चष्मा. मामांना चष्म्याशिवाय स्वतःचा हातही दिसत नसे. चष्मा सोडून तो माणूस जाणार कुठे? खरं सांगते, भर उन्हात माझ्याही अंगावर काटा आला.

मामी त्या चष्म्याकडे बघत होत्या. "पहिल्यांदा मी स्तोत्र म्हटलें," त्या म्हणाल्या. "देवा, नेलेंस बरें केलेंस, हे वाचले. मग कळलें, मी राहिलें. इतकी वर्षें गुडघे टेकून राहिलें मी. ह्यांनी काय केलें? एक खिळा ठोकला."

 रागावल्या होत्या का घाबरल्या होत्या, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. मग त्या एकाएकी ओरडल्या, सगळी गल्ली ऐकेल अशा, "अहो! अहांत ना?"

"अहें, अहें," खालून आवाज आला.

परसातल्या हातपंपावरून मामा जिना चाचपत वर आले. कमरेला पंचा, कानात साबण. कावळा हाकलताना चिकाचं पातेलं अंगावर पालथं झालं होतं; पांढऱ्या कपड्यांवर पांढरा चीक, आम्हाला दिसलाच नव्हता. वर नळाला पाणी कुठलं? त्या उन्हाळ्यात अख्ख्या चेन्नईत लॉरीच्या, म्हणजे टँकरच्या, पाण्याची मारामार होती. म्हणून कपडे तिथंच टाकून हे पंपावर आंघोळीला गेले होते.

"अगे, माझा चष्मा दे," ते म्हणाले. "आणि ओरडतेस काय?"

मला हसू फुटलं. मामींकडे बघितलं आणि ते जिरलं. त्यांनी चष्मा पदरानं पुसला, मामांच्या नाकावर चढवला आणि तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हात त्यांच्या ओल्या खांद्यांवर. मामांना सगळं मी सांगितलं. ते थट्टा करतील असं वाटलं होतं. पण त्यांनी खांद्यावरचे मामींचे हात धरले. मग म्हणाले, "हें तूं रोज भोगतेस? मज वाटलें, तुज माझा राग अहे."

पुढच्या रविवारी मामा मामींबरोबर सभेला निघाले. आत जायचं नाही हे ठरलेलं. "खंडोबा घरीं अहे, त्याला काय सांगूं?" सभेच्या खोलीबाहेर एक बाक होता, तिथं ते छत्री घेऊन बसले. मीही गंमत बघायला म्हणून आत गेले. मामी शेवटच्या रांगेत खिडकीशी बसल्या होत्या. पास्टर प्रभूच्या येण्याविषयी घसा फोडून बोलत होते. मग प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले, काही जण रडायला लागले. मामींचे हात जोडलेले होते, ओठ हलत होते आणि डोळे टक्क उघडे, खिडकीबाहेर.

परतताना मी हळूच विचारलं, "मामी, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवलेले चालतात?"

"चालत नाहीत ग," त्या म्हणाल्या, आणि पुढं चाललेल्या मामांच्या पाठीवरची नजर काही काढली नाही. "पण मिटले, आणि तेवढ्यांत ह्यांना नेलें तर?"